शालन, तू अटीत बसत नव्हतीस

शालन, काल खालच्या हॉलमध्ये तुझ्या फोटोला हार घातला. कुणी? ज्यांनी तुला ‘अटीत बसत नाही’ म्हणून इथनं घालवलं, त्यांनीच. अगरबत्ती लावली, सगळे उभे राहिलो, आणि इथलं सगळं बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, “शालनताई आपल्या कुटुंबातल्याच होत्या.” माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, की मग कुटुंबातल्या माणसाला दोन गोळ्या द्यायला तुमचे हात का मोडले होते? पण गिळलं. पुढं म्हणाल्या, “काकू, तुम्ही त्यांच्या खोलीत होतात, चार शब्द बोला.” मी म्हटलं, “मला काही बोलायचं नाही,” आणि सरळ वर निघून आले. मागं कुजबुज झाली असणार. होऊ दे. मला तुझ्याशी बोलायचंय, त्यांच्याशी नाही, आणि चार शब्दांत ते भागायचं नाही.

आधी त्या फोटोचं बघ. तुझ्या पोरानं, सुनीलनं दिलाय. कुठल्या लग्नातला आहे कुणास ठाऊक, केसांना मेंदी, अंगावर कडक इस्त्रीची साडी आणि तोंड मिटलेलं. तुझं मिटलेलं तोंड मी इतक्या वर्षांत झोपेतसुद्धा बघितलं नव्हतं. हार घालताना मला क्षणभर वाटलं, ही कुणी दुसरीच बाई गेली असावी. तसं असतं तर किती बरं झालं असतं गं.

तू इथं आलीस तेव्हा मला अजिबात नको होतीस. मी कोरेगावची, नवरा फौजेत सुभेदार, निम्मं आयुष्य अंबाला नि पठाणकोटच्या क्वार्टरमध्ये गेलेलं. मला शिस्त लागते. विश्रामबागेतल्या या वृद्धनिवासात खोली घेतली, शेजारची खाट रिकामी होती, आणि ती तशीच राहावी एवढीच माझी इच्छा. तर दारातनं आधी तुझा आवाज आत आला. वडूजला जन्मभर पिठाची गिरणी चालवलेली बाई तू, मशीनच्या वर आवाज काढून बोलायची सवय. “हाय का कोण आत?” मी म्हटलं, “हळू बोला, मी बहिरी नाही.” तू म्हणालीस, “आवं, पर मी हाय की!” आणि बूड टेकायच्या आधी पिशवीतनं कारळ्याच्या चटणीची बरणी काढून माझ्या नाकासमोर धरलीस. “घ्या की.”

मी नको म्हटलं. तू बरणी धरून तशीच उभी. तुझ्याकडची रीतच तसली. समोर माणूस असताना त्याला ‘घ्या’ म्हटल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. मग तो चहा असो, भाजलेली शेंग असो, नाहीतर खडीसाखरेचा खडा. गिरणीत दळणाला आलेल्या बाया तासन्‌तास बसायच्या, त्यांना सोडून एकटीनं खायचं म्हणजे पाप, हे तुझं तत्त्वज्ञान. शेवटी मी बोटभर चटणी घेतली तेव्हा कुठं तू खाली बसलीस. ‘आवं-जावं’ आठवडाभर टिकलं असेल. मग तू मला सुभेदारीण म्हणायला लागलीस आणि मी तुला नुसतं शालन.

इथल्या अटी तुलाही वाचून दाखवल्या होत्या. स्वतःच्या पायांनी जेवणघरापर्यंत यायचं, स्वतःची आंघोळ स्वतः करायची, स्वतःची औषधं स्वतः घ्यायची. हे धडधाकट म्हाताऱ्यांचं घर. औषधाची आठवण आम्ही करून देऊ, पण औषधाला हात लावणार नाही. आता मॅडमना नुसत्या शिव्या घालून चालणार नाही, एवढं मलाही कळतं. मागं कधीतरी एका कामवाल्या बाईनं एका आजोबांना दुसऱ्याच्याच गोळ्या दिल्या, त्यांच्या नातेवाइकांनी इथं येऊन नुसता धिंगाणा घातला, तेव्हापासून हा नियम. ठीक आहे. पण नियम करणाऱ्यानं एकदा तरी दारात उभं राहून बघायचं होतं तो कसा दिसतो ते.

कारण तुझे हात थरथरायला लागले. डॉक्टरनं कंपवात सांगितला, गोळ्या वेळच्या वेळी पाहिजेत म्हणाले, उशीर झाला की अंग आखडतं. मग रोज तो तमाशा. इथली कामाची पोरगी ललिता दारात येऊन उभी राहायची, “आजी, गोळीची येळ झाली.” तू पाकीट हातात धरायचीस, गोळी दाबायला जायचीस, ती टुणकन उडून खाटेखाली. ललिता बघत उभी. बिचारीचे हात शिवशिवायचे, पण नोकरीचा प्रश्न. मी एकदा तिच्यावर ओरडले, “अगं, उचलून दे की!” तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “काकू, आठवण करायचा पगार हाय मला, द्यायचा न्हाई.” मी वाकून गोळी शोधली, पुसली, तुझ्या तोंडात घातली. ललितानं तोंड दुसरीकडं फिरवलं. त्या दिवसापासून तुझ्या गोळ्या माझ्याकडं आल्या.

काय काय केलं आपण! सकाळीच सगळी पाकिटं फोडून झाकणाच्या डब्यांत गोळ्या भरून ठेवायच्या. इंग्रजी नावं तुझ्या डोक्यात राहायची नाहीत, म्हणून तू त्यांना धान्याची नावं दिलीस. लहान पांढरी ती ज्वारी, पिवळी ती तूर, मोठी तपकिरी तो हरभरा. जेवणाआधी तूर, जेवण झाल्यावर ज्वारी आणि हरभरा. तुला एकदा विचारलं होतं, “चुकणार नाहीस ना?” तर फणकारलीस, “जल्मात कुणाच्या ज्वारीत कुणाचा गहू जाऊ दिला न्हाई मी.” मग एका महिन्यात औषधवाल्यानं कंपनी बदलली आणि तुझी तूर पांढरी झाली. दोन दिवस तू त्या गोळीला तूर म्हणायलाच तयार नाहीस. “ही तूर न्हाई. कुणाला फशीवता?” मी दुकानदाराला फोन करून असा झापला की त्यानं पुन्हा जुनीच पाठवायला सुरुवात केली. तू खाटेवर बसून टाळ्या पिटल्यास. थरथरत्या हातांच्या टाळ्या, तळवे एकमेकांना लागतच नव्हते, आणि आपण दोघी हसून हसून बेजार झालो.

हे सगळं चोरून, बरं का. ऐंशीच्या घरातल्या दोन बाया, आणि मदत करायची तर दार लोटून. मदत मागितली असती तर तू धडधाकट नाहीस हे सिद्ध झालं असतं, आणि धडधाकट नसलेल्याला इथं जागा नाही. म्हणजे ज्याला गरज आहे त्यानं गरज नाही असं दाखवायचं, तरच त्याचा निभाव लागणार. हे कुणाच्या डोक्यातनं निघालं असेल गं? फौजेत असले नियम मी लय बघितले, पण तिथं निदान मागनं कुणी ‘आपलं कुटुंब’ म्हणायला येत नव्हतं.

मग माझ्या पुतण्याच्या पोरीचं लग्न निघालं आणि मी कोरेगावला गेले. जाताना डब्या ओळीनं मांडल्या, झाकणं नुसती वर ठेवली, घट्ट लावली नाहीत. ललिताला सांगून गेले, आठवण तेवढी कर. सगळं चोख. आणि कुणाला कशी बुद्धी सुचेल सांगता येत नाही! फरशी पुसायला येणाऱ्या बाईला वाटलं, आजींच्या औषधांना मुंग्या लागतील. तिनं एकेक झाकण कचकचून लावून टाकलं. चांगल्या मनानं केलं तिनं, तिला काय बोलणार? पण तुझ्यानं ती उघडेनात. आणि तू एक शहाणी, कुणाला सांगितलं नाहीस. का, तर सांगितलं तर माझं नाव पुढं येईल. दुसऱ्या दिवशी जेवणघरात ताटावर बसलीस ती बसलीसच, उठताच येईना. घास हातात तसाच. तिथंच सगळं उघडं पडलं.

मी परत आले तर मॅडम आणि महिन्याला येणारे डॉक्टर खोलीत उभे. म्हणाले, तपासून बघतो, त्यांना स्वतःचं स्वतः घेता येतं का. मला दाराशी उभं केलं, बोलायचं नाही म्हणून बजावलं. आणि शालन, तू किती छान केलंस! या वेळी झाकण कचकचून लावलेलं नव्हतं, ते दातानं उघडलंस. मॅडमनी विचारलं, “ही कशाची गोळी?” तू म्हणालीस, “तूर. जेवायच्या आदी.” डॉक्टरनं पाकीट बघितलं, मान हलवली, बरोबर आहे. ज्वारी बरोबर, हरभरा बरोबर. तिन्ही गोळ्या तळहातावर घेतल्यास, हात हलत होता पण एकही पडली नाही. मी मनात म्हटलं, जिंकलो! आता टाक तोंडात. टाक बाई!

आणि तू मान वर केलीस. समोर दोन माणसं उभी. तू तो हात त्यांच्यापुढं केलास आणि म्हणालीस, “घ्या की.”

मॅडमनी डॉक्टरकडं बघितलं. डॉक्टरनी मॅडमकडं. मी ओरडलेच, “अहो, ती रीत आहे तिच्याकडची! समोर माणूस असलं की विचारते ती!” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “काकू, औषध कुणी दुसऱ्याला देऊ करतं का? उद्या खरंच कुणाला दिलं आणि त्यांनी घेतलं, तर?” मला उत्तर आलं नाही. अजूनही येत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आहे. त्यांच्या जागी त्या बरोबर होत्या आणि तरीही ते सपशेल चूक होतं, ते कसं सांगायचं मला कळत नाही.

ते गेल्यावर मी तुला धरलं. “थट्टा केलीस ना? सांग, थट्टा होती ना ती?” तू पदरानं तोंड पुसत होतीस. म्हणालीस, “तुला काय वाटतंय?” मी म्हटलं, “मला काही वाटायचं नाही, तू सांग. थट्टा होती का तुझं डोकं खरंच फिरलं होतं?” तर म्हणालीस, “मग सोड की.” सोड की म्हणे! आजतागायत सोडलेलं नाही मी. हजारदा तो प्रसंग डोळ्यांपुढं आणला. कधी तुझ्या डोळ्यांत मिश्किलपणा दिसतो, कधी काहीच दिसत नाही, नुसती एक म्हातारी बाई पाहुण्यांना काहीतरी देऊ करतेय. तुला एक शब्द बोलायला काय झालं होतं गं? हो नाहीतर नाही. जन्मभर बडबड केलीस आणि नको तिथं गप्प बसलीस.

सुनील पुण्याहून आला. वाईट नाही तुझा पोरगा, रडत होता. पण तिसऱ्या मजल्यावरचं घर, दोघं नवराबायको कामाला, तुला दिवसभर बघणार कोण? म्हणून मिरजेचं नाव निघालं, तिथं अंथरुणाला खिळलेल्यांना ठेवून घेतात. मी मॅडमना म्हटलं, “लिहून घ्या माझ्याकडनं. हिच्या गोळ्या मी देईन. चुकलं तर मला फाशी द्या.” त्या म्हणाल्या, “तुम्ही निवासी आहात, कर्मचारी नाही. आणि तुम्ही इतके दिवस हे लपवलंत, तेही मला वर कळवावं लागेल. तुमच्या खोलीचाही विचार होईल.” तेव्हा तू बोललीस. मोठ्यानं, गिरणीत बोलायचीस तसं. “मी जाते मिरजंला. मुकाट जाते. हिचं नाव कुटं घिऊ नगा.”

मी तिथंच तुझ्यावर चिडले. म्हटलं, “तुला कुणी मधी बोलायला सांगितलं? मी लढत होते ना?” तू म्हणालीस, “आगं, तू बी गेलीस तर भेटायला येणार कोण मला?” मी तुझ्याशी धड बोलले नाही त्यानंतर. तुझ्या साड्यांच्या घड्या घातल्या, डब्या पुसून पिशवीत भरल्या, पण बोलले नाही. माझी जागा वाचवायला तू तुझी सोडलीस, आणि मी तुला एकदाही म्हटलं नाही की शालन, उपकार केलेस. आपल्यात कुठं असलं बोलायची पद्धत होती? आता म्हणते. ऐकू येत असेल तर ऐक.

मिरजेला तुला भेटायला आले तेव्हा मान्य करावंच लागलं. गोळी वेळेवर. सिस्टर यायची, पाकीट फोडायची, तोंडात घालायची, पाणी पाजायची, जीभ बघायची. तुझं अंग पहिल्यापेक्षा सैल झालं होतं. मी म्हटलं, “बरं आहे की गं इथं.” तू म्हणालीस, “समदं येळंवर हाय. पर बोलायला कोण न्हाई. ह्या बाजूची बोलत न्हाई, त्या बाजूचीला कळत न्हाई.” तेही हळू आवाजात. तुझा आवाज एवढा खाली आलेला मला सहन होईना. मी तडक तिथल्या डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, “मला पण इथं यायचंय.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “आजी, इथं ज्यांना स्वतःचं स्वतः करता येत नाही, त्यांनाच घेतो. तुम्ही तर धडधाकट दिसता.” घ्या! तू निवासाच्या अटीत बसत नव्हतीस आणि मी मिरजेच्या. मी म्हटलं, “कुठली धडधाकट? हात थरथरतात माझे,” आणि त्यांना तुझ्या खाटेपाशी आणून हात थरथरवून दाखवला. डॉक्टर वस्ताद. खिशातनं गोळ्यांचं पाकीट काढलं, माझ्या हातात दिलं, म्हणाले, “ह्यातली एक जरा काढून द्या बघू शालनताईंना.” इतकी वर्षं हाताला सवय! मी फटकन गोळी फोडून तुझ्या हातावर ठेवली. मग लक्षात आलं. तू अशी हसलीस, अशी हसलीस, की ठसका लागला. सिस्टर धावत आली. डॉक्टरही हसले, म्हणाले, “सोबतीला म्हणून काही करता येतं का बघू. आत्ता खाट रिकामी नाही, नाव देऊन जा.” मी नाव देऊन आले. तू पुढच्या वेळी येताना चटणी आण म्हणालीस.

पुढची वेळ आलीच नाही. छातीत कफ झाला, ताप आला आणि चार दिवसांत कारभार आटोपला. सुनीलचा फोन आला तोवर तुला वडूजला नेलं होतं. जेवायच्या वेळेला जेवून घेतलं त्या दिवशी, काय करणार, इथं घंटा वाजते.

हे सगळं कालच सांगून संपवणार होते, पण आज सकाळी मिरजेहून फोन आला. नवीन मुलगी असावी, आवाज कोवळा. “आजी, तुमचं नाव आहे आमच्याकडं. बायकांच्या खोलीत एक खाट मोकळी झालीय. डॉक्टरांनी परवानगी दिलीय, सोबतीला म्हणून येऊ शकता.”

मी विचारलं, “कुणाच्या सोबतीला?”

“थांबा हं, बघते,” म्हणाली. कागद चाळल्याचा आवाज आला. “हां, हे बघा. शालन...” आणि वाचता वाचता ती थांबली.

मग दबक्या आवाजात म्हणाली, “आजी, चुकलं माझं. तुमचं नाव काढून टाकू का?”

मी म्हटलं, “नको. तिच्या नावाशेजारी आहे ना, असू दे.”